आवाजाचं बटण माझ्या हातात होतं

संपादकांचं पत्र आलं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणे, तुमचे आवडते गायक-वादक कोण आणि ते तुम्हाला कसे सापडले. खाली बारीक अक्षरात सूचना होती की कलावंत शक्यतो नामवंत असावेत. मी त्या नामवंत शब्दाखाली निळ्या पेनाने रेघ मारली आणि पत्र टीव्हीवर ठेवून दिलं. दोन दिवस झाले तरी राग निवला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. अंकात घ्या किंवा घेऊ नका.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याचा. हैदराबाद-नागपूर रस्त्यावर, ढाब्यांच्या रांगेला लागून माझं दुकान होतं, ‘नारायण साउंड सर्व्हिस’. अडतीस वर्षं मी लग्न, तेरवी, गणपती, उद्घाटन आणि पुढाऱ्यांच्या सभा यांना माईक पुरवला. घरी गाण्याचा गंध नव्हता. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि रेडिओ लावला की ते सेल संपतील म्हणून ओरडायचे. मला राग समजत नाही, ताल मोजता येत नाही. पण गाणारा खरा की खोटा हे मला जितकं लवकर कळतं तितकं पुढच्या सोफ्यावर बसणाऱ्यांना कळत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

ते कसं, हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. अँप्लिफायरला आम्ही मशीन म्हणतो. लोखंडी डबा, समोर बटणं, कोपऱ्यात एक लाल दिवा. दिवा लागला की मशीन जिवंत. लोकांना वाटतं माईकवाला वायरी जोडतो आणि मग चहा पीत बसतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. गाणारा वर चढला की आवाज फाटतो, खाली उतरला की विरतो, माईकला तोंड चिकटवलं की भोंगा शिट्टी मारतो. हे सगळं सांभाळायला माईकवाला मोठ्या बटणावर हात ठेवून बसतो आणि क्षणाक्षणाला ते थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवतो. लोक कानाने गाणं ऐकतात, मी मनगटाने ऐकलं. मोठ्या शहरांतून गाडी करून आलेल्या, गळ्यात शाल घेतलेल्या कितीतरी नामवंतांनी माझं मनगट दुखवलं आहे. आणि वर जाता जाता म्हणायचे, साउंड बरोबर नव्हता.

माझ्या आवडत्या गायिका अनुसयामावशी मला सापडल्या त्या एका तेरवीला. आदिलाबादला लागून मावला आहे, तिथल्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याकडची तेरवी. मला भोंगा लावायला बोलावलं होतं ते जेवणाच्या पंगती पुकारायला. भजन मधल्या वेळात होतं, लोकांना बसवून ठेवायला. ढोलकीवर रहीमचाचा नावाचे एक म्हातारे गृहस्थ आणि गायला एक चाळिशीची बाई. बाई थेट वाफ्यातून आली होती. पायाला मेथीच्या वाफ्यातला चिखल, लुगडं वर खोचलेलं. मी मनात म्हटलं, झालं आता, शिट्टीवर शिट्टी.

बहुतेक लोक माईकवर टिचक्या मारतात, फुंकर मारतात, हॅलो हॅलो करतात. मावशींनी तसलं काही केलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, “दिवा लागला का?” मी हो म्हटलं. त्यांनी मान वाकडी करून मशीनचा लाल दिवा स्वतः बघितला आणि गायला सुरुवात केली.

मी बटणावर हात ठेवून बसलो. पहिलं कडवं झालं, हात हलला नाही. त्या वर चढणार असं दिसलं म्हणून मी तयार झालो, तर त्यांनी तान घेण्याआधी तोंड वीतभर बाजूला नेलं. खाली येताना पुढे झुकल्या. आवाज भोंग्यातून तसाच, एका मापाचा, आणि त्यात असं काही दुखणं की पंगतीतली माणसं घास हातात घेऊन बसली. अभंग संपला तेव्हा लक्षात आलं की माझा हात मांडीवर आहे. बटण मी केव्हाच सोडून दिलं होतं. माझ्या आयुष्यात असं आधी कधी झालं नव्हतं. कुठे शिकलात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “शिकाले कोन जाते? मोटेवर बाबा गाये, आमी भाजी खुडता खुडता गावो.”

त्या दिवसापासून मी त्यांचा. जिथे भजनाची विचारणा होईल तिथे मी त्यांचंच नाव सुचवायचो. आणि रेकॉर्डिंग करायला लागलो. मशीनला टेप जोडायची सोय होती. त्याची वायर मोठ्या बटणाच्या आधीच निघते, म्हणजे भोंग्याचा आवाज मी कितीही कमी-जास्त केला तरी टेपवर सगळं पुरतं उतरतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एक कॅसेट यजमानाला द्यायची, एक माझ्याकडे ठेवायची अशी पद्धत. लवकरच माझ्याकडे दोन मोठी खोकी भरली.

आता थोडं रागाचं बोलतो, कारण या भागात कलावंताला आम्ही लोकांनी कसं वागवलं ते लिहिल्याशिवाय माझं मन मोकळं होणार नाही.

इचोड्यात एका धान्य व्यापाऱ्याकडे लग्न होतं. सनईला लसमन्ना. आमच्याकडे सनईवाल्याला मांडवात जागा नाही. तो फाटकाशी पोत्यावर बसतो आणि त्याला माईक द्यायचा नाही, हा जणू कायदा. माईक कशाला, तर आहेर पुकारायला. मी वायर जास्तीची नेली होती, म्हणून एक माईक हळूच लसमन्नापुढे ठेवला. दहा मिनिटं. रस्त्यावरचे ट्रकवाले गाडी बाजूला लावून खाली उतरले, एवढं सांगतो. आणि मग नवरीचा काका धावत आला, माईक उचलून घेऊन गेला आणि भोंग्यातून आवाज आला, “मामाकडून स्टीलची घागर आणि पाच ताटं!” लसमन्नाने सनई तोंडातून काढली, पुसली आणि मांडीवर ठेवली. मला त्या काकाला घागरीत घालावंसं वाटलं होतं. आज तो काका भेटला की मला नमस्कार करतो आणि म्हणतो, पूर्वीसारखं संगीत आता राहिलं नाही बुवा.

दुसरी गोष्ट उटनूरकडची. गोंडांच्या कुळांच्या कथा सांगणारे परधान असतात, किकरी वाजवून सांगतात. किकरी म्हणजे गजाने वाजवायचं वाद्य, आवाज माणसाच्या गळ्याजवळ जाणारा. एका सरकारी कार्यक्रमात अशा एका बाबांना ‘लोककला’ म्हणून बोलावलं होतं. वेळ दहा मिनिटं. बाबांनी किकरी जुळवायला घेतली. खुंटी पिळायची, कान लावायचा, परत पिळायची. घाई नाही. ते जुळवणंच मी डोळे मिटून ऐकलं. जुळली तेव्हा सूत्रसंचालकाने येऊन सांगितलं की वेळ संपली, थोडक्यात आटपा. बाबांनी त्याच्याकडे शांतपणे बघून विचारलं, “थोडक्यात कोन्तं सांगू? जलमाचं सांगू का मरनाचं?” पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाबा किकरी फडक्यात गुंडाळून उतरले. त्यांना शाल दिली, त्यांच्याबरोबर फोटो काढला, आणि शाल देणाऱ्याने पंचवीस मिनिटं लोककला जगवली पाहिजे यावर भाषण केलं. त्या भाषणाचा आवाज मी बरोबर ठेवला, कारण ते माझं काम होतं.

हे लिहिताना मला जोर येतो, कारण दोष दुसऱ्यांचा आहे. आता तिसरी गोष्ट.

इचोड्याचाच गणपती. संध्याकाळची वेळ, मांडव भरलेला, अनुसयामावशी आणि रहीमचाचा स्टेजवर. मी बाजूला, मशीन पुढ्यात घेऊन. मावशी एका गवळणीच्या ऐन मध्यात होत्या आणि रस्त्यावर गाड्यांची रांग येऊन थांबली. मोठे पुढारी आले होते. मंडळाच्या अध्यक्षाने लांबूनच माझ्याकडे बघून पंजा खाली दाबल्याची खूण केली. बंद कर. मी एकदा मान हलवून नाही म्हटलं. त्याने परत खूण केली, या वेळी डोळे मोठे करून. पुढच्या महिन्यात त्याच्याच पुतणीच्या लग्नाचं काम माझ्याकडे होतं, आणि पुढाऱ्यांच्या सभांचंही.

मी मोठं बटण पूर्ण खाली केलं.

मावशी गातच राहिल्या. ओठ हलताना दिसत होते, हात वर जात होता, रहीमचाचांची बोटं चालत होती, आणि लोकांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. लोक उठून पुढाऱ्यांकडे बघायला गेले. पुढाऱ्यांच्या गाडीवरच्या भोंग्यातून घोषणा सुरू झाल्या. मावशींनी गवळण पूर्ण केली, हात जोडले आणि उतरल्या. माझ्याजवळ येऊन थांबल्या आणि विचारलं, “मशीन बंद पडलं का रे नारायना?”

मी म्हटलं, हो.

बरं, म्हणाल्या आणि गेल्या. पुढेही मी बोलावलं की येत राहिल्या, दर वेळी आधी दिवा बघायच्या आणि मग गायच्या. मी त्या दिवसाचा विषय काढला नाही. नंतर डीजे आले. छाती फोडणारे डबे, त्याला गायक लागत नाही, ढोलकीवाला लागत नाही, माणूसच लागत नाही. भजनाची बोलावणी थांबली. रहीमचाचा वारले. मी दुकान बंद केलं.

मागच्या वर्षी मावशींचा निरोप आला. जिल्ह्यात कलाकारांची ओळखपत्रं करून देऊन राह्यलेत, म्हणे, माझी दरखास्त भरून दे. मी मावल्याला गेलो. आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, पाठ वाकली, तरी अंगणात कोथिंबीर लावतातच. कार्डाबरोबर मानधन मिळतं, पण त्यांना कशासाठी हवंय ते त्यांनी सरळ सांगितलं. “सारा जलम लोकं म्हनले, बाई भजनाले फिरते. मालक बी तेच म्हनत म्हनत गेले. मले एक कागद पायजे, का हे बी काम होतं.”

अर्ज भरायला घेतला. पहिलाच रकाना, कलाकाराचं पूर्ण नाव. पेन तिथेच थांबलं. मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. माझ्या सगळ्यात आवडत्या गायिकेचं आडनाव, आणि मी एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं. ‘अनुसयाबाई आणि पार्टी’ एवढ्यावर भागत होतं. त्यांनी सांगितलं, शेंडे. अनुसया मारोती शेंडे.

कार्यालयातल्या बाबूने अर्ज बघितला आणि प्रूफ मागितलं. फोटो, पत्रिका, प्रमाणपत्र, पेपरातलं कात्रण, काहीही. यांचं काही नव्हतं. भजनवाल्या बाईची पत्रिका कोण छापतो? बाबूच्या टेबलावर मंजूर कार्डांचा गठ्ठा होता आणि वरच्याच कार्डावर मी ओळखत असलेल्या एका पोराचा फोटो, जो मोबाइलवर तयार संगीत लावून वाढदिवसाला गातो. त्याच्याकडे दहा प्रमाणपत्रं होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझ्याकडे यांच्या गाण्याच्या कॅसेट आहेत, साठ-सत्तर तरी असतील, उद्या आणतो.

खोकी घेऊन गेलो, टेपही नेला. बाबूने एकेक कॅसेट उचलून वरचा कागद माझ्याकडून वाचून घेतला. आमच्या धंद्यात कॅसेटवर यजमानाचं नाव लिहितात, कारण मागायला तोच येतो. अमुक शेठ लग्न, तमुक पाटील तेरवी, गणेश मंडळ इचोडा. गाणाऱ्याचं नाव लिहायची रीत नव्हती आणि मी ती पाडली नाही. बाबूने म्हटलं, लावा. मी लावली. सुरुवातीलाच माझा तरुण आवाज खणखणीत वाजला, या कार्यक्रमाची ध्वनिव्यवस्था नारायण साउंड सर्व्हिस, इचोडा यांची. दुसरी लावली, तेच. तिसरी, तेच. माझी जाहिरात मी एकदाही चुकवली नव्हती.

बाबू तेलुगू बोलणारा, त्याला मराठी येत नव्हती, पण एवढं त्याला कळलं. तो मला हिंदीत म्हणाला, “सब में तो आप ही का नाम है. कार्ड आपका बना दूँ?”

शेजारचे हसले. मी खोकी उचलून बाहेर आलो. बसमध्ये बसून बाबूला, कार्यालयाला, सगळ्या व्यवस्थेला शिव्या घातल्या, पार मावल्यापर्यंत. पण खोकं मांडीवर होतं आणि त्यातलं अक्षर माझं होतं.

मावशींना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मंग आता लिव. म्या सांगतो, तू लिव.” अंगणात टेप ठेवला आणि आम्ही एकेक कॅसेट लावत गेलो. थोडंसं वाजलं की त्या सांगायच्या, ही ढोलकी रहीमचाचाची, हा टाळ माझ्या नणंदेचा, त्या दिवशी पेटीवाला आला नव्हता. ढोलकीच्या थापेवरून माणूस ओळखत होत्या. मी वरचा कागद वाचून दाखवायचो, अमुक शेठ यांचं लग्न, तर विचारायच्या, “हे कोन व्हय रे?” ज्यांची नावं मी एवढ्या जपून लिहिली होती, त्यातली निम्मी मलाही आठवेनात. मी ती खोडत गेलो आणि त्यांच्या जागी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं लिहीत गेलो.

असं करता करता एक कॅसेट लावली आणि गवळणीचे पहिले शब्द ऐकताच मी ती ओळखली. गणपतीची होती. मी ती कधीच परत लावली नव्हती. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, मग लांबून घोषणा, आणि त्या सगळ्याच्या वर मावशींचा आवाज, पुरता, स्वच्छ, कुठेही न तुटलेला. मी टेप बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” मावशी म्हणाल्या. “पुरं होऊ दे.”

गवळण पूर्ण झाली. रहीमचाचांनी शेवटची थाप मारली आणि मग नुसत्या घोषणा राहिल्या. मी टेप थांबवला आणि खाली बघत सांगितलं की मावशी, त्या दिवशी मशीन बंद पडलं नव्हतं, मीच बटण खाली केलं होतं.

“मले ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “दिवा लागून होता.”

अंगणात कोंबडी फिरत होती, तिला त्यांनी हाकललं. मी म्हटलं, “मंग तवा मले काऊन इचारलं?”

“तुले सांगाले जागा देल्ली होती बाप्पा. तू हो म्हनला. मंग म्या काय बोलू?”

पुतणीचं लग्न, पुढाऱ्यांच्या सभा, मी मनाशी जमवून ठेवलेली सगळी कारणं तिथे अंगणात घेऊन बसलो होतो, आणि त्यातलं एकही त्यांना सांगण्याजोगं वाटलं नाही. त्या काकाला मी घागरीत घालायला निघालो होतो. त्याने सनईवाल्यापुढून माईक उचलला तो सगळ्यांच्या देखत उचलला. मी लपून केलं आणि वर खोटं बोललो. तेही तिच्याशी, जिच्यामुळे माझा हात आयुष्यात पहिल्यांदा बटणावरून सुटला होता.

“लिव,” मावशी म्हणाल्या, “पयले रहीमचाचाचं नाव लिव. थो बिचारा दरखास्त द्याले येऊन नाही राह्यला.”

त्या कॅसेटवर मी आधी ढोलकी, रहीमचाचा असं लिहिलं. मग गायिका, अनुसया मारोती शेंडे, मावला. सगळ्यात खाली माझं नाव लिहिलं, माईक, नारायण, इचोडा, आणि त्याच्यापुढे, गाणं चालू असताना आवाज बंद केला. पुढच्या आठवड्यात सगळ्या कॅसेट परत कार्यालयात नेऊन दिल्या, सोबत हे सगळं खरं असल्याचं माझ्या सहीचं निवेदन, त्याच्या शेवटीही आवाज बंद केल्याची तीच ओळ. बाबूने ते वाचून घेतलं दुसऱ्या कुणाकडून आणि मग मला विचारलं की शेवटची ओळ कशाला लिहिली, तिची अर्जाला गरज नाही, खोडून टाका.

मी खोडली नाही. कार्ड अजून आलेलं नाही, मी दर सोमवारी जाऊन विचारतो.